मागून येणाऱ्याचा दिवा

आजऱ्याकडच्या एका गावात दोघे भाऊ राहत होते. दोघांच्याही पिकअप गाड्या. रात्री भाजी भरायची, आंबोलीचा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत सावंतवाडीच्या बाजारात माल टाकायचा, हा त्यांचा धंदा. धाकटा पुढे, थोरला मागे, असा शिरस्ता पडून गेला होता.

धाकट्याला गाडी सजवायची भारी हौस. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने मागचे दिवे हाती घेतले. गॅरेजात नाही, घरच्याच पडवीत. लाल काचांवर काळी फिल्म चढवली. रिफ्लेक्टरही त्याच फिल्मखाली गेले. आतले मूळ बल्ब, इंडिकेटरचेही, काढून झगझगीत पांढरे एलईडी बसवले. ब्रेक दाबला की दिवा लुकलुकावा म्हणून एक डबी आणली आणि तिची जोडणीही स्वतःच केली. मूळ वायर ब्लेडने सोलायची, नवी तिच्याभोवती पिळायची, वरून काळी टेप. एलईडीमुळे इंडिकेटर भलताच भरभर उडू लागला, तेव्हा एक रेझिस्टर आणून तो वायरींच्या जुडग्यालाच बांधून टाकला. फ्यूज एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. मग काही उडालं नाही.

गाडी रुबाबदार दिसू लागली. गावातल्या दोघा मित्रांनी बघून बघून आपल्याही गाड्यांचे दिवे काळे केले.

पाऊस लागला तसा थोरला बाजारात उशिरा पोहोचू लागला. पहाटेचा भाव हातचा जायचा, उरलेल्या गिऱ्हाइकाला पडेल त्या किमतीत माल द्यावा लागायचा. धाकटा चारचौघांत म्हणायचा, "दादा, घाटात डुलकी काढतोस की काय?" थोरला गप्प राहायचा.

गावच्या मिस्त्रीमामांनी एकदा थोरल्याला खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. "मामा, त्याच्या मागं चालवायची भीती वाटते. धुक्यात तो ब्रेक मारतोय की नुसता चाललाय, काही उमगत नाही. म्हणून दोन वळणं सोडून राहतो."

"त्याच्या कानावर घातलंस?"

"घातलं की. म्हणतो, मला तर सगळं झकास दिसतंय."

"त्याचंही खोटं नाही," मामा म्हणाले. "चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधी दिसतच नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळावर धुकं उतरलं, तशा मामांनी दोन्ही गाड्या तिथे नेऊन शेजारी शेजारी उभ्या केल्या. धाकट्याला साठ पावलं मागे पाठवलं. थोरल्याला धाकट्याच्या गाडीत बसवलं. "हा दहादा ब्रेक दाबणार. दाबला असं वाटलं की तू 'आत्ता' म्हणून ओरडायचं," मामांनी मागे हाक दिली, आणि स्वतः दाराशी मोजत उभे राहिले.

दहांतले चार धाकट्याच्या ध्यानातच आले नाहीत. उलट ब्रेक दाबलेला नसताना तो तीनदा ओरडला. मग थोरला आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसला. तिचे दिवे कंपनीतून आले तसेच होते, काचेवर चिखलाचे दोन शिंतोडे तेवढे. दहाही वेळा बरोबर.

धाकटा जवळ आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "मामा, पडवीत तर लख्ख दिसत होता."

"पडवीत तू दिव्यापासून दोन हातांवर होतास, आणि धुकं नव्हतं."

मामांनी मूळ बल्ब मागवून त्याच्या तळहातावर ठेवला. आत दोन तारा होत्या, एक ५ वॅटची आणि एक २१ वॅटची. पहिली रात्रभर मिणमिणते, दुसरी ब्रेक दाबल्यावरच पेटते. मागच्याला थांबायला सांगतो तो या दोन उजेडांतला फरक. बाजारच्या एलईडीत दोन्ही उजेड जवळपास सारखेच निघाले, त्यामुळे सांगणंच पुसलं गेलं. शिवाय पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग थोडा असतो. लाल काचेने तो गाळला आणि काळ्या फिल्मने पुन्हा गाळला, की साठ पावलांवर पोहोचायला उरतं काय? एलईडी वाईट असतो असं नाही. कंपनीने एलईडीसाठीच घडवलेला दिवा तारेच्या बल्बपेक्षा सुमारे सेकंदाचा पाचवा हिस्सा आधी पेटतो, आणि तेवढाही वेळ जीव वाचवू शकतो. घाटात ताशी ४० किलोमीटरने उतरणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते.

मग मामांनी दिवा खोलला. टेप ओलसर होऊन सुटली होती. अर्थची वायर हिरवी पडली होती. अर्थ नीट नसला की करंट भलतीकडून वाट काढतो, आणि ब्रेक न दाबताही दिवा थरथरतो. ते तीन खोटे 'आत्ता' तिथून आले होते. रेझिस्टरला टेकलेल्या वायरींचं प्लॅस्टिक मऊ होऊन एकमेकींना चिकटलं होतं, आतलं तांबं एके ठिकाणी उघडं पडलं होतं. तिथे शॉर्ट झाला असता तर फ्यूज उडून करंट तुटला असता. पण फ्यूजच्या जागी तार होती. ती न उडता वायरिंग पेटलं असतं.

"पुढचा दिवा आपल्यासाठी असतो, बाळा," मामा म्हणाले. "मागचा मागून येणाऱ्यासाठी. दुसऱ्याच्या वस्तूवर आपली हौस भागवायची नाही."

कायदाही असे फेरफार करू देत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण धाकट्याने दंडाचं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "दादा, तू महिनाभर दोन वळणं मागं राहत होतास?"

"मग काय करणार? तुझ्या मागं मीच असतो ना."

त्याच रात्री फिल्म खरवडायला घेतली. काचेवर ओरखडे उठले, गोंद काही निघेना. शेवटी दोन्ही दिवे नवे आणावे लागले, रिफ्लेक्टरसकट. डबी आणि रेझिस्टर काढले. मामांनी खराब वायरिंग कापून नवं जोडलं, झाळलं, त्यावर स्लीव्ह चढवली आणि लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज बसवला. धाकट्याला चार दिवसांच्या कमाईवर पाणी सोडावं लागलं.

त्यानंतर तो त्या दोघा मित्रांकडे गेला. माझं बघून तुम्ही केलंत, आता माझं ऐकून काढा, म्हणाला. एकाने तिथल्या तिथे फिल्म ओढून काढली. दुसरा ऐकेना. "माझ्या गाडीचा दिवा चांगला दिसतो," म्हणू लागला.

धाकट्याने वाद घातला नाही. बाहेर धुकं दाटत होतं. त्याने मित्राकडून गाडीची चावी मागून घेतली आणि म्हणाला, "चल माळावर. तू मागं उभा राहायचं, ब्रेक मी दाबतो."