आजचं चिंतन : ‘अनिकेत’ नक्की कोण?



आजचा श्लोक गीतेच्या 12व्या अध्यायातला 19वा. भगवंतांना कोणता भक्त आवडतो याची यादी इथे चालू आहे. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, जे मिळेल त्यात जो समाधानी, आणि जो ‘अनिकेत’. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत.

खरं सांगतो, हा शब्द मला कित्येक वर्षं फार सोयीचा वाटायचा. मी मूळचा भोरचा. नऊ वर्षं झाली, नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. मधल्या काळात चार भाड्याची घरं बदलली. कुणी विचारलं, की मी हसून सांगायचो, “आपण बाबा अनिकेत!” इन्स्टाच्या बायोतसुद्धा हाच शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ गेल्या महिन्यात एका आजींनी मला चांगलाच समजावला.

मे महिन्यात दहा दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो. मामेभावाबरोबर राजगड ते तोरणा चालत जायचं ठरलं. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला, उजाडायच्या आत संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने खाली उतरलो आणि डोंगरधारेची वाट धरली. उजवीकडे वेल्ह्याचा मुलूख, डावीकडे वेळवंडीचं खोरं आणि त्यात भाटघर धरणाचं आटलेलं पाणी. उन्हाळ्यात ही वाट घाम काढते. अर्ध्यावर खिंडीत डांबरी रस्ता लागतो. तिथे एक आजी झाडाखाली ताक विकायला बसल्या होत्या.

ताक देता देता त्यांनी विचारलं, “कुठला रं पोरा तू?”

मी म्हटलं, “तसा भोरचा. पण आता जर्मनीत असतो. पुण्यात फ्लॅट घेतलाय, पण तो भाड्याने दिलाय.”

आजी हसल्या. “म्हंजी कुठलाच न्हाईस!”

मला हसता येईना. इतकी वर्षं जे मी कौतुकाने मिरवत होतो, तेच त्यांनी एका वाक्यात मला परत केलं होतं. मी उगाच विचारलं, “आजी, तुम्ही कुठल्या?”

त्यांनी खालच्या पाण्याकडे बोट केलं. “थितली. आजेसासऱ्याच्या वक्ताला गाव धरणात गेलं. आमी वर सरकलो. देव थितंच ऱ्हायला.”

त्या कांबरेश्वराबद्दल बोलत होत्या. भाटघरच्या पोटात हे जुनं शिवमंदिर आहे. 1920च्या दशकात धरण झालं तेव्हापासून वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं आणि लोक दर्शनाला जातात.

“मग तुम्ही जाता?”

“जायाचं की. आधी गाळ काढायचा, मंग पूजा.”

“पण पावसाळ्यात परत बुडणारच ना?”

“बुडू दे की. म्हून काय देवाला गाळात ठिवायचं?”

पुढे तोरण्याची चढण सुरू झाली. बुधला माची समोर दिसत होती, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. डोक्यात तो गाळच होता.

माऊलींनी ज्ञानेश्वरीत ‘अनिकेत’चा अर्थ किती वेगळा केलाय ते आठवलं. ज्याला घर नाही तो, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ज्याला सगळं जगच आपलं घर वाटतं तो, असं ते सांगतात. मी यातला अर्धाच अर्थ उचलला होता. एका घराला बांधलेला नाही, एवढं माझ्या बाबतीत खरं होतं. पण सगळं जग घर? मी तर सगळीकडे पाहुणा होतो.

पाहुणा म्हणजे कोण? जो येतो, जेवतो, छान वाटलं म्हणतो आणि निघतो. केर काढणं त्याचं काम नसतं.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. शेजारच्या काकू तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, रात्रभर बसल्या. मी संध्याकाळच्या आत पैसे पाठवले, काकूंना फोन करून आभार मानले, आणि आपण कर्तव्य केलं असं वाटून झोपलो. या सुट्टीत मी ताट उचलायला गेलो तर आई म्हणाली, “तू बस रे, चार दिवसांचा आलायस.” प्रेमानेच म्हणाली. पण माझ्याच घरात नळाला पाणी किती वाजता येतं हे मला माहीत नव्हतं.

स्टुटगार्टलाही वेगळं काही नाही. तिथे ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याने एकेका घराकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. नावातच केर आहे, हा गमतीचा योगायोग! मी आजवर माझ्या पाळीला पैसे देऊन माणूस लावत आलो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव मला माहीत नव्हतं.

मग प्रश्न येतो : इतकं गुंतायचं, तर ती आसक्ती नाही का? भगवंत तर ममत्व सोडा म्हणतात. मला वाटतं, उत्तर त्या आजींच्या गाळात आहे. देऊळ पुन्हा बुडणार हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या रडत नाहीत. आणि बुडणार म्हणून झाडायचंही सोडत नाहीत. ‘माझं राहील’ हा हट्ट सोडायचा असतो, ‘माझं काम’ सोडायचं नसतं. श्लोकात ‘अनिकेत’च्या लगेच पुढचा शब्द ‘स्थिरमती’ आहे, तो कदाचित याचसाठी. घर हललं तरी चालेल, मन हलता कामा नये.

हे लिहून माझा अपराधीपणा गेला, असं नाही. आई तिथे आहे, मी इथे आहे, आणि हे अंतर चिंतनाने कमी होत नाही. पण निघताना आईच्या औषधांची यादी मी स्वतः लिहून घेतली. आता रोजच्या फोनवर नुसतं “कशी आहेस?” विचारत नाही, गुडघ्याची गोळी घेतलीस का, नळाला पाणी आलं का, हे विचारतो. ती वैतागते, पण सांगते.

या आठवड्यात पाटी माझ्या दाराला आहे. काल जिना झाडत होतो तेव्हा खालच्या आजोबांनी दार उघडून पाहिलं आणि आपलं नाव सांगितलं. बायोतला ‘अनिकेत’ मी तूर्तास काढून टाकलाय.

आजच्यासाठी एवढंच करूया : आपण कुठे कुठे पाहुण्यासारखे राहतो, ते मनाशी मोजूया. त्यातल्या एका ठिकाणी आज झाडू हातात घेऊया.

राम कृष्ण हरी.