दुसऱ्याच्या देहाचा वाटाड्या

आपलें शरीर आपणांस सर्वांत जवळचें. परंतु त्याची ओळख बहुधा दुखणें आल्यावरच होते. म्हणून ध्यानाच्या वर्गांत नवशिक्यास उताणें निजवून, पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्यास शिकवितात, तें आम्हांस योग्यच वाटतें. तथापि हा प्रवास दुसऱ्याच्या शब्दांवर चालतो, आणि तेथेंच प्रश्न उपस्थित होतो: दुसऱ्याच्या देहांत काय घडत आहे हें सांगण्याचा अधिकार मार्गदर्शकास कितपत आहे?

"आतां तुमचे खांदे सैल झाले, मन शांत झालें," असें तो मृदु स्वरांत म्हणतो. हेतु चांगला असतो. पण जें त्यास दिसत नाहीं, तें घडलें म्हणून तो सांगतो. ज्याचे खांदे अजून ताठच आहेत, त्यानें काय करावें? आपल्यांतच कांहीं उणें आहे असें मानावें, कीं शांतीचें सोंग आणावें? जी विद्या खऱ्या निरीक्षणावर उभी, तिच्या पहिल्याच धड्यांत ही खोटेपणाची संवय लागावी, हें अनिष्ट होय.

मज्झिमनिकायांतील सतिपट्ठानसुत्ताचा रोख निराळा आहे. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ, आखूड असेल तर आखूड म्हणून जाणावा, एवढीच तेथें अपेक्षा. अमेरिकेंत जॉन कबाट-झिन यांनीं १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयांत रुग्णांसाठीं जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यांतहि अवयवामागून अवयव न्याहाळतांना, कांहींच न जाणवलें तरी तेंच जाणून पुढें जावयाचें असतें.

यावर कोणी म्हणेल, सूचनेनें अंग खरोखरच सैल पडतें. तें आम्ही नाकारीत नाहीं. योगनिद्रेंत तर जडपणाची वा हलकेपणाची भावना मुद्दाम जागविली जाते. मात्र जागविणें वेगळें आणि पाहणें वेगळें. आपण कोणतें करीत आहों हें आधीं सांगितलें पाहिजे.

नवशिक्यास आधार हवाच. पण वाटाड्यानें ठिकाण सांगावें, अनुभव सांगूं नये. "उजव्या टाचेकडे लक्ष न्या, स्पर्श, ऊब, मुंग्या, कीं कांहींच नाहीं?" एवढें विचारून चारदोन श्वास थांबावें. अपघात किंवा अत्याचार ज्यांच्या देहानें सोसला आहे, त्यांना आंत वळतांच भय दाटूं शकतें. यास्तव डोळे उघडे ठेवण्याची, उठून बसण्याची, कारण न देतां थांबण्याची मोकळीक आरंभींच द्यावी.

अशा वर्गांत मार्गदर्शकाची वाहवा कदाचित् कमी होईल. परंतु "मला आज कांहींच जाणवलें नाहीं" असें शिष्यास निःसंकोच म्हणतां आलें, आणि तें दुरुस्त न करतां गुरूस ऐकून घेतां आलें, तर त्या वर्गांत शिक्षण झालें असें आम्ही समजूं.