लंडन की पॅरिस?

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत उमेदीची वर्षे घालवून चार पैसे गाठीस बांधलेल्या गृहस्थास परदेशी एकदाच जावयाचे असेल, तर त्याने लंडन पाहावे की पॅरिस? इंग्लिश खाडीखालून १९९४ साली आगगाडी सुरू झाल्यापासून ही शहरे शेजारी झाली खरी. परंतु आपल्या लोकांस प्रवेशपरवाने दोन लागतात व शुल्कही दोनदा भरावे लागते, म्हणून निवड टळत नाही.

पॅरिसचे पक्षपाती म्हणतात, तेथे आपले काही देणेघेणे नाही, सबब दृष्टी मोकळी राहते. लंडनची गोष्ट निराळी. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर राहत असत. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. ज्या राजधानीने आम्हांस परतंत्र ठेविले, तेथेच आमच्या एका थोर पुरुषाने विद्या मिळविली, हा पेच मनात घेऊन त्या दाराशी उभ्या राहणाऱ्याची दृष्टी मोकळी कशी राहणार? न राहो! आम्हांस तर ती गुंतलेली दृष्टीच अधिक पाहणारी वाटते. म्हणून आमचा कौल लंडनला. मात्र शिल्लक दोघांची असल्याने सहधर्मचारिणीस आधी विचारावे, हे सांगणे नलगे.