काडतूस ज्याचे त्याने करावे

निवृत्त झालेल्याला पुन्हा कामावर बोलावू नये, असे माझे मत आहे. निवृत्त झालेली बंदूक असेल तर मुळीच बोलावू नये! पण अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी माझे मत विचारले नाही.

त्याचे असे झाले. २००३ साली काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातल्या हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत मार्टिनी-हेन्री पुष्कळ. ब्रिटिश लष्कराने ही बंदूक १८७१ साली स्वीकारली. १८८८ साली नवी आली, हिचे दिवस भरले आणि पुढे हिचे काडतूसच मिळेनासे झाले. खातेदार गेल्यावर मागे राहिलेल्या पासबुकासारखी तिची गत! मी म्हटले, बरे झाले. झुलूंपासून अफगाणांपर्यंत कमी का माणसे मारली हिने? आता लटकू द्या भिंतीवर सुखाने.

पण हौसेला मोल नसते. ही मंडळी २४ बोअरच्या काडतुसाची पितळी पुंगळी आणतात, तापवून मऊ करतात, साच्यात दाबत दाबत तिची मान बारीक करतात. शिसे वितळवून पावणेतीन तोळ्यांची गोळी ओततात, तिला कागद गुंडाळतात. वर अर्धा तोळा काळी दारू. पहिला बार तर बंदूक बांधून, लांबून दोरी ओढून! एवढे करून मारायचे काय, तर कागद. धूर निवळला की खाली वाकून रिकामी पुंगळी उचलायची, पुन्हा भरायला.

ते वाकणे मनात आले आणि माझा राग गेला. हातून घडवलेली वस्तू माणूस उधळत नाही. खरे पाप फुकटच्या काडतुसाचे! शिपायाला ते सरकार देते, सरकारला रयत देते. दुसऱ्याच्या पैशावर हात सैल सुटतो, हे बँकेत बसणाऱ्याला कोणी सांगायला नको. काडतूस ज्याचे त्याने करावे असा कायदा असता, तर सेनापतींना दहाव्या काडतुसालाच तहाची आठवण झाली असती.

हे तत्त्वज्ञान मी घरात ऐकवले. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे जीव घ्यायचा तर कष्टाने घ्यावा, असंच ना? आणि एखादा सेनापती हौशी निघाला तर?"

मी गप्प बसलो आणि ताटातले खडे वेचू लागलो. प्रश्न अजून तसाच आहे.