कडुनिंबाची सावली कोणाची?



इंदूरच्या बायपासजवळच्या नव्या कॉलनीत आपली काही कुटुंबं राहायला आली, त्याला आता तीन वर्षं झाली. नकाशावर मोठा बगीचा होता. प्रत्यक्षात लॉन, पेव्हर ब्लॉक आणि शोभेचे चार पाम. खरी सावली एकच, जुन्या शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाची.

मागच्या महिन्यात एक अर्ज फिरला. पानं पडतात, पक्षी गाड्या घाण करतात, म्हणून झाड तोडायची परवानगी मागू. बदल्यात दहा रोपं लावू. खरं सांगायचं तर आमच्यातल्या काहींनी सहीसुद्धा केली. गुरुवारी आरतीनंतर एका काकूंनी विचारलं, "दहा रोपं लावाल हो, पण सावली कधी मिळणार?" सगळे गप्प.

एकाला दहा, हा हिशोब बरोबर आहे का? महाराष्ट्रात २०२१ च्या कायदा-दुरुस्तीने, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायला सांगितलं. म्हणजे वयाला किंमत आहे हे कायद्यानेही मानलं. पण तेवढी रोपं लावली तरी गेलेली वर्षं परत येत नाहीत. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी कोण घालणार, ते तर अर्जात नव्हतंच.

ज्या शेतकऱ्याने हा कडुनिंब राखला, त्याने आम्हाला कधी पाहिलंही नाही. त्याचं ऋण त्याला कसं फेडणार? ते पुढच्यांनाच द्यावं लागतं. प्लॉट आपल्या नावावर आहे, सावली मात्र आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे. ठेव मोडायची नसते.

पानांचा त्रास खोटा नाही. पण तो झाडणाऱ्या ताईंना होतो, आणि त्यांनी तर तक्रार केलीच नव्हती! आता रविवारी आम्ही पाळीपाळीने पानं गोळा करतो, कोपऱ्यातल्या खड्ड्यात खत होतं. बुंध्याला चिकटलेले पेव्हरही काढले, कारण मुळांना हवा-पाणी लागतं. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

सह्या मागे घेतल्या. शेजारी अजून नाराज आहेत. त्यांच्याशी वाद नको, पार्किंग थोडं सरकवायचं बोलणं चालू आहे.

आपल्याही कॉलनीत असं एखादं झाड असेल. या रविवारी मुलांना घेऊन त्याच्या बुंध्याशी जाऊन या. माती मोकळी आहे ना, तेवढं बघा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥