कृपया चढू नका

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, वाळवंटात, उलुरू नावाचा ३४८ मीटर उंचीचा तांबडा खडक आहे. तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक त्याला पवित्र मानतात. त्याच्या पायथ्याशी बरीच वर्षं एक फलक होता. त्यावर अनांगूंनी पाहुण्यांना विनंती केली होती की कृपया चढू नका. आणि तिथूनच, १९६४ साली खडकात ठोकलेल्या खांबांच्या साखळीला धरून, लोक वर चढत होते. विनंतीही होती आणि वाटही उघडी होती. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. त्याआधीच्या आठवड्यांत तिथे मोठाल्या रांगा लागल्या. बंदी यायच्या आत, जे करू नका असं सांगितलं होतं तेच करून घ्यायला ही माणसं लांबून आली होती.

त्या रांगांपैकी एकीत माझा मावसभाऊ होता. तो वाईट माणूस नाही. उलट, बुवाबाजीच्या विरोधात त्याने तरुणपणी गावोगाव भाषणं दिली आहेत. त्याचं म्हणणं साधं होतं. "अगं, तो वालुकाश्म आहे. त्यात पूर्वजांचं वास्तव्य आहे हे मी मानत नाही. आपल्याकडच्या दगडाला शेंदूर फासला तर मी प्रश्न विचारतो, मग दुसऱ्यांच्या दगडापुढे हात का जोडू? आणि मनाई कुठे होती? विनंती होती. विनंती नाकारता येते, म्हणून तर तिला विनंती म्हणतात."

हा युक्तिवाद मला झटकून टाकता येत नाही. परदेशी गेल्यावर 'स्थानिक श्रद्धांचा आदर करा' असं प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतही छापलेलं असतं, पण आदर कशाचा, हे कुणी सांगत नाही. जी गोष्ट मला खरी वाटत नाही तिचा आदर मी कसा करणार? फार तर तसं सोंग आणेन. आपली 'देश तसा वेश' ही म्हणही इथे पुरी पडत नाही. ती बऱ्याचदा शहाणपणा म्हणून सांगितली जाते: चारचौघांसारखं राहावं, म्हणजे अडचण येत नाही. उलुरूवर चारचौघं चढतच होते.

मला वाटतं, दादाने प्रश्नच चुकीचा मांडला. खडकात पूर्वज आहेत की नाहीत, याचा निवाडा त्याच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. ही जागा कुणाची, आणि तिथे कसं वागायचं हे कुणी सांगायचं, एवढाच प्रश्न होता. एखाद्याच्या घरी देवघरात चपला घालून जाऊ नका म्हटलं, तर नास्तिकही चपला काढतो. तो देवाला मान देत नसतो, घरच्या माणसाला देत असतो.

आणि त्या 'कृपया'चा इतिहासही पाहायला हवा. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने उलुरूची मालकी अनांगूंना परत दिली. पण त्याच दिवशी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारकडे परत गेली. चढाई थांबवण्याचं आश्वासन सरकारने आधी दिलं होतं, ते पाळलं गेलं नाही. म्हणजे जागा त्यांची, पण 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्यांच्या हातात राहिला नव्हता. उरली ती विनंती. मनाई नव्हती म्हणून चढलो, असं म्हणणारा माणूस खरं तर यजमानाच्या असहायतेचा फायदा घेत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

"मी तिथून काय नेलं?" असंही दादा म्हणाला. नेलं काही नाही. पण त्या चढाईत गेल्या काही दशकांत किमान ३७ माणसं दगावली, आणि आपल्या भूमीवर पाहुणा मेला तर त्याचा दोष आपल्याकडे येतो, असं अनांगू मानतात. वर स्वच्छतागृह नव्हतं. माणसांनी वर जी घाण केली ती पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यांत उतरली. चढणाऱ्यांना अनांगू 'मिंगा' म्हणत, म्हणजे मुंग्या. खालून ते तसेच दिसायचे.

पण मग प्रत्येक रूढी पाळायची का? इथे मी स्वतः अडखळते. जपानमधलं ओकिनोशिमा हे बेट २०१७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे स्त्रियांना पाऊल ठेवता येत नाही. पूर्वी वर्षातून एक दिवस, २७ मे रोजी, सुमारे दोनशे पुरुषांना समुद्रस्नान करून जाता यायचं. २०१८ पासून सर्वसामान्य पुरुषांनाही ते बंद झालं. स्त्रियांवरचा तो नियम मला पटत नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ च्या गुढीपाडव्याला बायकांसाठी खुला झाला तेव्हा मला आनंद झाला होता, आणि तीच मी परक्या देशात गेले म्हणून बदलत नाही.

तरीही दोन्हींत फरक आहे. चौथऱ्याचा हक्क मागणाऱ्या बायका याच समाजातल्या होत्या. नियमाचा भार रोज त्यांच्यावर होता, आणि त्याच्याशी भांडताना लागलेले बोलही त्यांनीच सोसले. मी ओकिनोशिमावर लपूनछपून गेले तर दोन दिवसांत परत येईन. तिथल्या एकाही बाईचं त्याने काही हलणार नाही. नियम मला पटत नाही हे मी बोलू शकते, लिहू शकते. तिथली बाई भांडायला उभी राहिली तर तिच्या बाजूने उभी राहू शकते. पण भांडण तिचं आहे. आणि रूढीच्या नावाखाली माझ्यासमोर कुणाला इजा होत असेल, तर मी पाहुणी असले तरी गप्प बसणार नाही. न चढण्याने मात्र कुणाला इजा होत नव्हती. फक्त माझं एक छायाचित्र कमी झालं असतं.

उलुरूची एक गोष्ट मला दिलासा देते. नव्वदच्या दशकात तिथे येणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक चढत होते. २०१५ च्या सुमारास हे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास आलं होतं. चढणारे वीस टक्क्यांहून कमी झाले तर चढाई बंद करता येईल, अशी तरतूद उद्यानाच्या २०१० च्या आराखड्यात होती. त्यानंतर २०१७ मध्ये, अनांगूंचं बहुमत असलेल्या उद्यानाच्या मंडळाने एकमताने बंदीचा निर्णय घेतला. म्हणजे बंदी यायच्या आधीच बहुतेक पाहुण्यांनी फलक वाचून चढायचं सोडलं होतं. ते सगळे काही अनांगूंच्या पूर्वजकथांवर विश्वास ठेवू लागले नव्हते. यजमान नको म्हणतो आहे, एवढं त्यांना पुरलं. साखळी तिथेच होती, अडवणारं कुणी नव्हतं, आणि ते खडकाला खालूनच वळसा घालून परत गेले.