भराव

इंग्रजीच्या पुस्तकात ‘सील’ हा समुद्रातला प्राणी. आमच्या दिव्यातल्या पोराला विचारा, सील म्हणजे बेकायदा खोलीच्या दाराला ठोकतात ते. दोन्ही शब्द मुळात वेगळे: प्राण्याचा जुन्या इंग्रजीतला, शिक्क्याचा लॅटिनमधून आलेला. उच्चार योगायोगाने जुळला, त्यात कुणाची लबाडी नाही.

लबाडी ‘रिक्लमेशन’मध्ये आहे. रिक्लेम म्हणजे मुळात हाक मारून परत बोलावणं. शिकारी आपल्या ससाण्याला बोलावतो तसं. पण ससाणा त्याचाच असतो. बॅकबेचा समुद्र आपली जमीन कधी होता? मराठी इथे जास्त प्रामाणिक आहे: ‘भराव’. डंपर आला, खाजणात माती ओतली, तिवरं मेली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग मानला.

मीही भरावावरच राहतो. परवडणारं घर तेवढंच होतं. डंपरवाल्याचा दोष किती आणि माझ्या हप्त्यांचा किती, याची वाटणी मला अजून जमलेली नाही. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागतं. बिल्डिंगमधले म्हणतात, खाडी घरात घुसली. मीही तेच म्हणतो, आणि चपला उचलून वर ठेवतो.